मैत्रिणींचे बोलणे आणि मैत्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयीन मुली, नव्या सुना, शिक्षिका, बचत गटांच्या सभासद आणि नातवंडे सांभाळणाऱ्या आज्या यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अवघड नंतर घेतले आहेत. संशोधनाचा आधार घेतला आहे तेथे ते कोठे झाले हेही सांगितले आहे, कारण अमेरिकेतील विद्यापीठात निघालेला निष्कर्ष शिरपूरच्या ओट्यावर जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

१. आम्ही बोलतो म्हणून मैत्रिणी झालो, की मैत्रिणी झालो म्हणून बोलतो?

दोन्ही खरे आहे, पण सुरुवात बहुधा बोलण्यापासूनच होते. एकीने स्वतःविषयी थोडेसे सांगायचे, दुसरीने ते ऐकून साधारण तेवढेच स्वतःचे सांगायचे आणि पुढच्या वेळी दोघींनी एक पायरी खाली उतरायचे, असा हा क्रम असतो. आर्थर अॅरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसांच्या जोड्यांना सुमारे ४५ मिनिटांत, वरवरच्या विषयांपासून खासगी विषयांकडे जाणारे ३६ प्रश्न एकमेकांना विचारायला लावले होते. नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांविषयी अधिक जवळीक वाटली.

मात्र प्रयोगशाळेतील पाऊण तास आणि गल्लीतील वीस वर्षे यांत फरक आहे. आपल्याकडच्या मैत्रीत सर्वांत मोलाचे वाक्य कबुलीचे नसते, तर चौकशीचे असते. मंगळवारी भाजीच्या गाडीपाशी अर्धवट राहिलेली गोष्ट शुक्रवारी नळावर भेटल्यावर ‘काय व बहीण, मंग पुढे काय व्हयनं?’ असे विचारून जी उचलून धरते, ती मैत्रीण होते. तिने आपले बोलणे मधले तीन दिवस जपून ठेवले होते, एवढे त्या प्रश्नातून कळते. पुढील बहुतेक उत्तरे या एकाच मुद्द्याकडे परत येतात.

२. बायका पुरुषांपेक्षा फार जास्त बोलतात, हे खरे आहे का?

लोक समजतात तितके नाही. मथायस मेल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका आणि मेक्सिकोतील ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर लहान ध्वनिमुद्रक लावून त्यांच्या दिवसभरातील बोलण्याचे नमुने घेतले होते. स्त्री असो वा पुरुष, रोजची सरासरी सुमारे १६,००० शब्दांची निघाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक मोठ्या अभ्यासात मात्र २५ ते ६४ या वयोगटात स्त्रिया दिवसाला सुमारे ३,००० शब्द जास्त बोलताना आढळल्या. इतर वयांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यातही माणसामाणसांतील फरक स्त्री-पुरुष फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि पारावर सकाळी आठला बसून जेवायला घरी जाणारी मंडळी पाहिलेल्यांना त्यासाठी संशोधनाची गरज पडू नये.

३. मग पुरुषांच्या आणि बायकांच्या मैत्रीत फरक तरी कोणता?

पॉल राइट या अमेरिकी संशोधकाने १९८२ मध्ये मांडले होते की स्त्रियांची मैत्री समोरासमोर बसून चालते आणि पुरुषांची खांद्याला खांदा लावून, म्हणजे काहीतरी करत करत. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी ब्रिटनमध्ये शाळा सोडून पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांचा दीड वर्ष मागोवा घेतला, तेव्हा मुलींची जुनी मैत्री टिकवण्यात बोलणे अधिक उपयोगी पडले आणि मुलांच्या बाबतीत एकत्र काही करणे. हिवाळ्यात शेतावर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरताची पार्टी करणारे आणि त्या रात्रीत एकमेकांच्या घरची खुशालीही न विचारणारे मित्र आपण पाहिलेले असतात, त्यामुळे हे चटकन पटते.

तरीही राइट यांची विभागणी खानदेशात अर्धीच लागू पडते, असे माझे मत आहे. येथील बहुसंख्य बायकांना समोरासमोर रिकामे बसण्याची सवडच नव्हती. कापूस वेचताना दोघी शेजारशेजारच्या ओळी धरतात, नजर बोंडावर असते, हात ओटीत जात असतो आणि बोलणे सुरू असते. तोंडाकडे पाहावे लागत नाही म्हणून काही गोष्टी उलट सोप्या होतात. नवऱ्याच्या दारूविषयी किंवा न राहिलेल्या गर्भाविषयी पहिल्यांदा बोलताना समोरची आपल्याकडे टक लावून पाहत नसलेली बरी.

४. नुसत्या ओळखीची मैत्री व्हायला किती वेळ लागतो?

कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, चांगली मैत्री व्हायला सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक सहवास लागतो, असा अंदाज निघाला. हे आकडे अमेरिकेत नव्या गावी राहायला आलेल्यांचे आणि नव्या विद्यार्थ्यांचे आहेत. त्यातील दोन बारकावे आपल्याही कामाचे आहेत. एक, नोकरीच्या ठिकाणी शेजारी बसून काढलेले तास फारसे मोजले जात नाहीत. दोन, हवापाण्याच्या गप्पांनी जवळीक वाढत नाही, तर थट्टामस्करीने, मनातले बोलण्याने आणि मधल्या काळात काय घडले ते विचारण्याने वाढते.

आपल्याकडे हे तास भरून निघण्याची हक्काची जागा म्हणजे उन्हाळ्यातील वाळवण. आज तुमच्याकडे उडदाचे पापड, उद्या आमच्याकडे, परवा समोरच्या काकूंकडे पहाटे बिबडे, असे सारे आळीपाळीने चालते. नव्याने राहायला आलेली सून पोळपाट-लाटणे घेऊन पहिल्या दिवशी भिंतीला टेकून बसते आणि विचारले तेवढेच बोलते. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत ती लाटी तेलात बुडवून तोंडात टाकत असते आणि तिच्या माहेरी पापडखार किती घालतात यावरून वाद घालत असते. येथे कामाचे तास मोजले जातात, कारण हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळे असते आणि वरून नजर ठेवणारे कोणी नसते. तयार पापड विकत आणण्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. फक्त त्याबरोबर हे तासही गेले, आणि ते दुसरीकडून भरून काढावे लागतात.

५. लग्न होऊन मी नव्या गावात आले आहे. माहेरच्या मैत्रिणी टिकवू की नव्या जोडू?

दोन्ही करावे, पण दोन्हींकडून एकाच प्रकारच्या बोलण्याची अपेक्षा ठेवू नये. माहेरची मैत्रीण तुम्हाला लहानपणापासून ओळखते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघर जाऊन गुलाबाईची गाणी म्हणून खाऊ ओळखण्याच्या दिवसांपासून. तिला संदर्भ द्यावे लागत नाहीत. परंतु तुमच्या सासरची माणसे तिने पाहिलेली नसतात, त्यामुळे ती बहुधा तुमचीच बाजू घेते. नव्या गावातील मैत्रीण ती माणसे रोज पाहते आणि ‘तुमच्या सासूबाई बोलतात फटकळ, पण मनात ठेवत नाहीत’ असे सांगू शकते. पहिलीचा आधार वाटतो, दुसरीमुळे मोजमाप कळते.

पूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येत, झाडाला झोके बांधले जात आणि वर्षभराचे राहिलेले बोलणे त्या चारदोन दिवसांत होई. आता भेटी तशा होत नसतील तर निदान त्या दिवशी फोन ठरवून करावा.

६. आमच्या घरी अहिराणी बोलतात आणि माझी मैत्रीण शहरी मराठी बोलते. याने अंतर पडते का?

बोलीने अंतर पडत नाही, बोलीच्या लाजेने पडते. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या दशकापासून मांडलेला सिद्धान्त असा, की ज्याच्याशी जवळीक हवी त्याच्या बोलण्याकडे माणूस नकळत झुकतो आणि अंतर हवे असेल तर आपले वेगळेपण ठळक करतो. दोघी एकमेकींकडे झुकत असतील तर उत्तम. नेहमी एकीनेच झुकायचे, अहिराणी किंवा लेवा बोलीचा शब्द निसटला की हसू व्हायचे, अशी स्थिती असेल तर ती मुलगी त्या मैत्रिणीजवळ विनोद सांगेल, पण रडणार नाही. राग, ओवी, शिवी आणि रडणे ज्या बोलीत येते ती बोली मैत्रीत चालली पाहिजे. जळगाव-धुळ्याच्या वसतिगृहांतून येणाऱ्या प्रश्नांत हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा असतो, यावरून काय ते समजावे.

७. आम्ही सगळ्या एकदम बोलतो. मध्येच बोलणे असभ्य नाही का?

सभेत आहे, मैत्रिणींत बहुधा नाही. जेनिफर कोट्स या ब्रिटिश भाषावैज्ञानिकेने मैत्रिणींच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून दाखवले, की त्या एकमेकींचे बोलणे तोडत नसतात, तर एकच गोष्ट मिळून सांगत असतात. नमुना म्हणून चोपड्याच्या गाडीची ही हकीकत पाहा :

‘गाडी आली आन आम्ही चढायला गेलो, तर—’
‘कंडक्टर म्हणे जागा नाही!’
‘जागा नाही, आन मागे तीन बाकं रिकामी.’
‘रिकामी कुठे, एकावर त्याचा डबा होता की.’

येथे कोणी कोणाला तोडलेले नाही. चौथ्या वाक्याने तर गोष्टीला चव आणली. तोडणे वेगळे असते, आणि ते ओळखण्याची खूण सोपी आहे : मध्ये बोललेल्या वाक्यानंतर विषय तोच राहिला की बदलला? आपल्या शस्त्रक्रियेविषयी सांगणाऱ्या बाईला मध्येच अडवून ‘माझ्या नणंदेचेही असेच झाले’ म्हणत जी अर्धा तास नणंदेवर घालवते, तिने तोडले आहे.

८. दुसऱ्या बायकांविषयी बोलणे वाईट, असे सगळे म्हणतात. मग मैत्रिणींनी बोलायचे तरी कशावर?

माणसांविषयी बोलणे सर्वत्रच चालते. मेगन रॉबिन्स आणि अलेक्झांडर कॅरन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील ४६७ व्यक्तींच्या अभ्यासात, समोर नसलेल्या माणसाविषयीचे बोलणे जागेपणीच्या १६ तासांत सरासरी ५२ मिनिटे आढळले. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश ना निंदेचे होते ना स्तुतीचे. नुसती खबरबात होती. स्त्रियांचे असे बोलणे पुरुषांहून थोडे जास्त निघाले, पण ते या खबरबातीतच, निंदेत नाही.

ही खबरबात कमी लेखू नये. कोणत्या दवाखान्यात बाळंतपणाचा खर्च किती येतो, कोणता शिकवणीचा मास्तर मुलींशी नीट वागत नाही, कोणत्या गावी मुलगी द्यावी आणि कोणत्या घरी देऊ नये, याची माहिती कोठेही छापून येत नाही. ती बायकांच्या बोलण्यातूनच फिरते आणि कित्येकींना वाचवते. ज्यांना या माहितीचा त्रास होतो, तेच तिला ‘बायकांच्या उखाळ्यापाखाळ्या’ म्हणतात, असे कधी कधी दिसते.

अपायकारक निंदा ओळखायची असेल तर एक प्रश्न स्वतःला विचारावा : जिच्याविषयी बोलतो आहोत ती आत्ता दारात आली, तर आपण विषय बदलू की तिलाही बसवून घेऊ? आणखी एक गोष्ट ऐकणारीच्या कामाची आहे. जी तिसरीचे सारे तुम्हाला सांगते, ती तुमचेही कोठेतरी सांगत असणार. गुपिताविषयी प्रश्न ११ पाहावा.

९. मी मन मोकळे करायला जाते आणि ती लगेच सल्ला देते. तिला कसे सांगू?

सरळ सांगावे, आणि बोलायला लागण्यापूर्वी सांगावे : ‘आज फक्त ऐक.’ अमेरिकी भाषावैज्ञानिक डेबोरा टॅनन यांनी १९९० मध्ये याच तक्रारीचे विश्लेषण केले आहे. अडचण सांगण्यामागे अनेकदा ‘माझेही असेच आहे’ एवढे ऐकण्याची अपेक्षा असते आणि समोरून तोडगा आला की आपण एक पायरी खाली बसवलो गेलो असे वाटते. टॅनन यांनी हे प्रामुख्याने नवरा-बायकोच्या संदर्भात सांगितले असले, तरी आपल्याकडे वयाने मोठ्या मैत्रिणी, विशेषतः ज्यांना आपण ताई किंवा जिजी म्हणतो त्या, सल्ला देणे हे आपले कर्तव्य समजतात. त्यांना थांबवणे अवघड वाटत असेल तर शेवटी ‘तुम्ही असत्या तर काय केले असते?’ असे आपणच विचारावे. म्हणजे सल्ला येतोच, पण बोलणे पुरे झाल्यावर येतो.

१०. आम्ही दोघी रोज तेच दुःख बोलतो. आधी हलके वाटायचे, आता फोन ठेवला की आणखी जड वाटते. असे का?

हा प्रश्न गंभीरपणे घेण्यासारखा आहे. मिसूरी विद्यापीठातील अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या अभ्यासातून दाखवले, की एकाच अडचणीविषयी दोघींनी मिळून पुन्हा पुन्हा बोलत राहणे, तिची कारणे उगाळणे आणि वाईट भावनांतच रमणे याने मैत्री घट्ट होते, पण त्याचबरोबर खिन्नताही वाढलेली आढळते. २००७ मधील पुढच्या अभ्यासात सहा महिन्यांच्या अंतराने पाहिले असता, मुलींमध्ये अशा बोलण्यामुळे मैत्रीही वाढली आणि चिंता व नैराश्याची लक्षणेही वाढली. मुलांमध्ये केवळ मैत्री वाढली. गोची येथेच आहे. जवळीक वाढत असल्यामुळे हे बोलणे चांगलेच आहे असे वाटत राहते.

यात ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न उपयोगी पडतो, कारण तो गोष्टीला पुढे नेतो, तर ‘ती असे म्हणालीच कशी?’ हा प्रश्न तिला जागच्या जागी फिरवतो. दोघींचे बोलणे ऐकून पाहावे : गेल्या आठवड्यापेक्षा आज एखादी नवी घटना, नवा निर्णय, नवा माणूस आला आहे का? नसेल तर त्या विषयाला चहा संपेपर्यंतचाच वेळ द्यावा आणि मग उठून दोघींनी बाजारात जावे, मेथी निवडावी, काहीही करावे. झोप, भूक उडाली असेल तर मैत्रिणीवर सारा भार टाकू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य बोलता येते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. घरात मारहाण किंवा छळ होत असेल आणि ती बाई तेच तेच सांगत असेल, तर ते उगाळणे नव्हे. तेच तेच घडत आहे म्हणून ती तेच सांगत आहे. अशा वेळी मैत्रिणीने तारखा आणि घटना लिहून ठेवण्यास मदत करावी, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक तिला पाठ करून घ्यावेत, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते हे सांगावे.

११. विश्वासाने सांगितलेले गावभर झाले. आता काय करावे?

प्रथम ते तिच्याकडूनच फुटले याची खात्री करावी. लहान गावात एकच बातमी तीन दारांनी बाहेर पडते. खात्री असेल तर तिला एकटीला गाठून, कोणाचे नाव न घेता, काय फुटले आणि त्याने आपले काय नुकसान झाले एवढेच सांगावे. तिने कबूल केले तर मैत्री राहू शकते, पण पुढे काही काळ तिच्याजवळ रेसिपी, परीक्षा आणि साड्या यांपलीकडे जाऊ नये. तिने ‘मी तर तुझ्या भल्यासाठीच बोलले’ असे म्हटले, तर ती पुन्हा सांगणार आहे.

जिवाला धोका असेल तेथे मात्र गुपित पाळू नये. ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणून मैत्रिणीने आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तर तिच्या विश्वासातील दुसऱ्या माणसाला सांगणे हीच मैत्री आहे, मग ती नंतर वर्षभर बोलली नाही तरी चालेल.

१२. जाऊ किंवा नणंद मैत्रीण होऊ शकते का?

होऊ शकते, आणि झाली तर ती सर्वांत उपयोगी मैत्रीण असते. अट एकच : दोघींनी एक विषय कायमचा बाजूला ठेवावा, मग तो वाटणीचा असो वा सासूबाईंचा. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी सारे भाऊबंद एका घरी जमतात आणि रात्रभर गाणी चालतात, तेव्हा चुलीपाशी एकत्र बसलेल्या जावा एरवी वर्षभर एकमेकींशी कामापुरतेच बोलणाऱ्या असतात. त्या रात्री त्या चेष्टा करतात, एकमेकींच्या मुलांची नावे घेऊन हसतात. सुरुवात करायला तो दिवस चांगला.

१३. बचत गटात मैत्रिणी आहेत आणि कर्जावरून तोंडे फिरली आहेत. मैत्री आणि व्यवहार एकत्र राहतील का?

राहतात, पण एकाच बोलण्यात नाही. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे यांचा आग्रह आहे, तो यासाठीही उपयोगी आहे की हप्त्याची मागणी मैत्रिणीने दारात जाऊन करावी लागत नाही. ती बैठकीत, वहीतून, सर्वांसमोर होते. जेथे अध्यक्षा लाजेखातर ‘राहू दे, पुढच्या महिन्यात दे’ असे खासगीत म्हणते, तेथेच पुढे भांडण होते. ज्या दिवशी हप्ता थकला असेल त्या दिवशी बैठकीनंतर तिच्याबरोबर घरापर्यंत चालत जावे आणि पैशांचा विषय काढू नये.

१४. व्हॉट्सअॅपवर रोज बोलतो. तेवढे पुरेसे नाही का?

निरोपासाठी पुरेसे आहे, धीरासाठी नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर यांनी २०१२ मध्ये मुलींवर केलेल्या प्रयोगात, तणावानंतर आईशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरातील ताणाचे संप्रेरक उतरले. केवळ लिखित संदेशांची देवाणघेवाण झालेल्यांत तसे झाले नाही. तो अभ्यास मायलेकींचा आहे, मैत्रिणींचा नव्हे, तरी आवाजाचे वजन त्यातून कळते. ग्रुपवर पडलेली फुलांची सुप्रभात चौकशी नसते. वाईट बातमी आली असेल तर हात जोडलेले चिन्ह टाकून मोकळे होऊ नये, फोन करावा.

फोन घरात एकच असेल किंवा संदेश इतर कोणी वाचत असेल, तर खासगी काहीही लिहू नये.

१५. माझी मैत्रीण फार कमी बोलते. मीच बोलत असते. ही मैत्री एकतर्फी आहे का?

शब्द मोजू नयेत. ती मागचे लक्षात ठेवते का, योग्य जागी विचारते का, तुमच्या मुलाच्या परीक्षेच्या दिवशी तिचा फोन येतो का, हे पाहावे. येत असेल तर ती तिचा वाटा उचलते आहे. अधूनमधून आपण गप्प बसून तिला जागा द्यावी; काही बायका तिसऱ्या शांततेनंतर बोलतात.

१६. दोन वर्षांपासून अबोला आहे. भांडण कशावरून झाले तेही आता नीट आठवत नाही. सुरुवात कशी करू?

भांडणापासून करू नये. कोण चुकले हे ठरवण्याच्या बैठकीतून जुने भांडण नवे होते. एखादे काम घेऊन जावे, शक्यतो जे तिलाच चांगले येते ते : खापरावरच्या पुरणपोळीचे पीठ किती सैल ठेवायचे, शिवणकामाचा गळा कसा काढायचा. ती दार उघडून उभ्याउभ्याच उत्तर देईल. पहिल्या दिवशी तेवढे पुष्कळ झाले. मधल्या काळात तिच्याकडे मृत्यू झाला असेल आणि आपण गेलो नसू, तर मात्र पहिले वाक्य त्याविषयीच असावे, आणि ते दारातच बोलावे. ती सुरतेला किंवा पुण्याला राहायला गेली असेल तर आधी फोन न करता तिच्या आईला भेटून क्रमांक मागावा. आपण विचारत होतो हे संध्याकाळपर्यंत तिकडे पोचते आणि पुष्कळदा फोन तिकडूनच येतो. तसा आला नाही, तर आपण होऊन एकदा करावा. त्यालाही उत्तर न मिळाल्यास तिचा नकार मान्य करावा आणि तिच्या आईकडे पुन्हा चौकशी करू नये.